टँकरच्या दिवशीची सही

सर, ज्या ठरावाच्या जोरावर आपल्या कॉलनीत लॉज उभं राहिलं, तो ठराव कोणत्याच सभेत झालेला नव्हता. तो मी लिहिला. माझ्या ऑफिसातल्या टेबलावर, जेवणाच्या सुट्टीत, एकट्यानं. त्याखाली ज्या सह्या आहेत त्या लोकांनी ठरावाला केलेल्या नाहीत, टँकरच्या पाण्याला केलेल्या आहेत. पहिली सही तुमची आहे.

हे मी आजपर्यंत कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ, मंगलजवळ नाही, पोरीजवळ नाही. तुमच्याजवळ बोलायला दहा-बारा वर्षं मिळाली, मधे फक्त एक भिंत होती, तरी नाही.

तुम्हाला जाऊन आज नववा दिवस. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तुमचे जुने विद्यार्थी एक पुस्तिका काढताहेत. त्यातले दोघं परवा घरी आले. म्हणाले, काका, सरांचा जन्म, शिक्षण, नोकरी, पुरस्कार, सगळं आमच्याकडं आहे. तुम्ही शेजारी, सोसायटीत बरोबर काम केलेले, तुम्ही आठवणी लिहा, दोन पानं. मी हो म्हणून बसलो. तेव्हापासून कागद पुढं घेतो आणि उठतो. अंगणात जातो, तुमच्या बंद दाराकडं बघतो, परत येतो. वाव्हळ सर कसे मोठे होते हे लिहायला घेतलं की दुसऱ्या ओळीपाशी ते पान आडवं येतं. म्हणून आधी तेच लिहून टाकलं. आता बाकीचं लिहवतं का बघू.

आपली ओळख एका डब्यातून झाली. आठवतं का? नोकरदारांची गृहनिर्माण सोसायटी काढायची म्हणून तुम्ही शाळेतून, कोर्टातून, एसटीतून, आमच्या पाटबंधारे खात्यातून माणसं गोळा केली होती. जमीन मिळाली. आता कोणता प्लॉट कुणाला, यावरून कुजबुज सुरू झाली. रस्त्याकडचा मला, कोपऱ्याचा मला. तुम्ही घरून काकूंचा पिठाचा रिकामा डबा आणलात, चिठ्ठ्या टाकल्या आणि म्हणालात, ज्याच्या हाताला जे येईल ते. मला सतरा नंबर आला, तुम्हाला सोळा. माझ्या थोरल्या भावानं बाहेर आल्यावर मला बाजूला घेतलं आणि विचारलं, शेजार बदलून मिळतोय का बघ की. मी तेव्हा काही बोललो नाही. बदलून मागितला नाही एवढंच.

पुढं तुम्ही सांगितलंत, त्या डब्याचं कारण. चकलांब्याकडून बदली होऊन शहरात आलात तेव्हा तुम्हाला खोली मिळत नव्हती. तुम्ही ते विनोद सांगावा तसं सांगायचे. "मास्तर म्हणल्यावर घरमालक खुर्ची द्यायचा. पाणी आणायला सांगायचा. मंग आडनाव विचारायचा. आडनाव सांगितलं की त्याच्याकडं गावाहून पाहुणे यायचे असायचे. त्या साली सगळ्या शहराला लई पाहुणे आलते." आम्ही हसायचो. मग तुम्ही चष्मा पुसत म्हणायचे, "सोपानराव, सहकार म्हंजे काय? शेजारी निवडायचा हक्क कुणालाच न्हाई."

मला हे वाक्य तेव्हा नुसतं ऐकायला बरं वाटायचं.

तुम्ही अध्यक्ष, मी सेक्रेटरी. वयात वीसेक वर्षांचं अंतर. तुम्ही भूगोलाचे मास्तर, त्यामुळं कुठलीही गोष्ट जागच्या जागी असल्याशिवाय तुम्हाला चैन पडायचं नाही. आपले खटके उडाले ते सगळे सभेच्या इतिवृत्तावरून. बाकी सगळ्या सोसायट्यांत लिहितात तसंच मी लिहायचो: 'सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.' तुम्ही सगळ्यांसमोर ते मोठ्यानं वाचायचे आणि विचारायचे, "सेक्रेटरी, चर्चा कधी झाली? कुलकर्णी जांभया देत होते, शेख भाई निघून गेलते, मी एकटा बोललो. तसं लिवा." लोक हसायचे. मी तसं लिहायचो. गणपूर्ती झाली नाही की सभा अर्धा तास तहकूब करायची आणि मग आहेत तेवढ्यांत घ्यायची, असा नियम. इतर ठिकाणी तो अर्धा तास कागदावरच असतो. तुम्ही घड्याळ काढून खरोखर अर्धा तास बसायचे, आणि मला बसवायचे. उन्हाळ्यात, पत्र्याच्या शेडमधे, रिकाम्या सतरंजीसमोर आपण दोघं.

आता सांगतो, मला राग यायचा. ऑफिसात साहेब चुका काढायचा, संध्याकाळी तुम्ही. ते ठरावाचं पान लिहिलं तेव्हा माझ्या मनात पाणीच होतं असं मी स्वतःला फार वर्षं सांगत आलो. पाणी होतंच. पण 'सविस्तर चर्चा होऊन' हे शब्द लिहिताना माझा हात अडखळला नाही, उलट बरं वाटलं, हेही खरं आहे. ते इथं न लिहिता पुढं गेलो तर ही दोन पानं लिहिण्यात अर्थ नाही.

त्या वर्षीचा दुष्काळ. कपिलधारच्या धबधब्याची धार दोऱ्याएवढी झाली होती. सोसायटीच्या बोअरला सकाळी दहा मिनिटं पाणी यायचं, नंतर हवा. चार दिवसांनी एक टँकर. पहिल्या टँकरला मारामारी झाली, एसटीतल्या कंडक्टरचं डोकं फुटलं. दुसऱ्या टँकरपासून तुम्ही पद्धत घातली: घरटी दोन टिपाडं, आणि पाणी घेण्याआधी वहीत सही. अध्यक्षाची सही पहिली, टँकर भरून आला याची खूण म्हणून. पाणी मात्र तुम्ही सगळ्यांत शेवटी घ्यायचे. एकदा तुमच्या वाटणीला तळाचा गाळ आला. काकू ते टिपाड दोन दिवस निवळत ठेवून होत्या.

मंगलची कंबर त्याच उन्हाळ्यात गेली. मणका सरकला, डॉक्टरनं वजन उचलायला बंदी केली. तेव्हापासून तुमच्या दोन टिपाडांतलं एक आमच्या दारात यायला लागलं. मी नको म्हणालो तर तुम्ही म्हणालात, "आमी दोघंच हाव घरात. दोन माणसाला किती लागतंय?" खोटं होतं. काकू भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसत होत्या, हे मंगलनं भिंतीवरून पाहिलं होतं.

एका टँकरच्या दिवशी सह्यांची वही संपली. माझ्याकडून नवी आणायची राहिली. लोक उन्हात भांडी घेऊन उभे, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. मी घरात गेलो आणि हाताला लागलं ते सभेच्या हजेरीचं रजिस्टर घेऊन आलो. तुम्ही बघितल्याबरोबर ओळखलंत.

"सेक्रेटरी, हे सभेचं हाय. ह्यात पाणी कावून?"

"एक दिवस, सर. उद्या वही आणतो."

तुम्ही नाखुशीनंच सही केलीत. हात ओले होते, टँकरच्या पाइपाला तुम्हीच धरून होतात. सही फुटली, शाई पसरली. तुमच्यामागं सगळ्या कॉलनीनं सह्या केल्या. वर चार बोटं जागा मोकळी राहिली. त्या दिवशी त्यात काहीही वाईट नव्हतं. मी वाईट ठरवून ती जागा सोडलेली नव्हती, एवढं माझ्या बाजूचं ऐका.

दत्ताभाऊंचं प्रकरण आधीपासून चाललं होतं. कॉलनीच्या तोंडाशी रस्त्याला लागून त्यांनी दोन प्लॉट विकत घेतलेले. तिथं लॉज काढायचं होतं, खाली हॉटेल, वर खोल्या. पण आपला भाग रहिवासी, शहराच्या विकास योजनेत पिवळा रंग दिलेला, आणि पिवळ्यात लॉजला परवानगी नाही. मग नगरपालिकेनं नियमच बदलायचं ठरवलं: रस्ता पुरेसा रुंद असेल तर रहिवासी भागातही हॉटेल चालेल. पेपरात सूचना आली. ज्यांची हरकत असेल त्यांनी महिनाभरात लेखी द्यावी, नंतर सुनावणी होईल. आपली सोसायटी आडवी उभी राहिली असती तर निदान आपला रस्ता त्यातून वगळला गेला असता, हे भाऊंनाही माहीत होतं.

तुम्ही विकास योजनेचा नकाशा विकत आणलात. पलंगावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या, आणि रोज संध्याकाळी मला बोलावून शिकवणी सुरू केलीत. भाऊ एकदा समजूत घालायला तिथंच आले. म्हणाले, "सर, कपिलधारला माणूस येतोय, नारायणगडाला येतोय, उतरायचं कुठं त्यांनी?" तुम्ही नकाशावरून मान वर न काढता म्हणालात, "भाऊ, गडावर येणारा माणूस चटई घेऊन येतो. तुमी खोल्या कुणासाठी काढताय ते तुमाला ठाऊक हाय." भाऊ हसले. रागावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून तर ते पुढं गेले.

मी मात्र तुमच्याशी वाद घातला, आणि तो वाद अजून माझ्या डोक्यात अर्धाच आहे. मी म्हणालो, सर, शहर वाढतंय, परीक्षेच्या ड्यूटीवर बाया येतात, दवाखान्यात पेशंट घेऊन लोक येतात, त्यांनी एसटी स्टँडवर पडायचं का? पिवळा काय आणि निळा काय, शेवटी कागदावरचा रंग. तुम्ही म्हणालात, "रंग न्हाई, सोपानराव. दिलेला शब्द हाय. हा रंग बघून माणसांनी पीएफ काढला, घरं बांधली. बदलायचं तर बदला, पण आधी त्यांच्या दारात जाऊन विचारा." मग मी एक वाक्य बोललो. म्हणालो, "सर, तुमाला ह्याच शहरात खोली मिळत नव्हती. अन् खोल्या नकोत म्हणून तुमीच उभे राहताय?"

तुम्ही नकाशाकडं बघितलंत. एक वाटी उचललीत, परत ठेवलीत. मग हसून म्हणालात, "प्रश्न चांगला हाय. उद्या उत्तर देतो."

त्या उद्याच्या आधी दुसरंच काही झालं आणि मग तो प्रश्न परत विचारायचं तोंड मला राहिलं नाही. उत्तर काय होतं, सर? मी बरीच उत्तरं तुमच्या वतीनं तयार केली. एकही तुमच्या आवाजात बसत नाही.

झालं ते असं. दुसऱ्याच दिवशी भाऊ माझ्या ऑफिसात आले. पैशाचं काही बोलले नाहीत, पाण्याचं बोलले. त्यांच्या प्लॉटवर खोल बोअर लागलं होतं, चांगलं पाणी होतं. लॉजला मंजुरी मिळाली की आपल्या गल्लीला पाइप टाकून देतो म्हणाले. "वहिनींच्या कंबरेचं कळलं मला. लाईन पहिली तुमच्या दारात." मग चहा संपवता संपवता म्हणाले, "सोसायटीचा काही ठराव झालेला असंल तर बघा. नसंल तर ऱ्हाऊ द्या." एवढंच. खोटं लिहा असं ते म्हणाले नाहीत. तसं सांगायची मला गरजच पडली नाही.

त्या संध्याकाळी मी तुमच्याकडं आलो नाही. दुसऱ्या दिवशी रजिस्टर ऑफिसात नेलं. वीज गेली होती, पंखा बंद, सगळे डबे खायला बाहेर झाडाखाली गेलेले. मी ते पान उघडलं, वरच्या चार बोटं जागेत बारीक अक्षरात विशेष सर्वसाधारण सभा लिहिली, तारीख घातली, रहिवासी भागात हॉटेलला परवानगी देण्यास संस्थेची कोणतीही हरकत नाही असा ठराव लिहिला, आणि शेवटी ते वाक्य. जागा कमी पडेल अशी भीती होती. बरोबर बसलं. संध्याकाळी त्याची प्रत भाऊंना दिली.

सुनावणीला आपण माझ्या स्कूटरवर गेलो. तुम्ही मागं, मांडीवर नकाशाची गुंडाळी आणि हरकतीच्या प्रती. मला वाटलं होतं, कागद आत कुठंतरी लागेल, फायलीत जाईल, तुमच्यासमोर येणारच नाही. मी इतकी वर्षं सरकारी कारकून, आणि मला असं वाटलं. तुमचा नंबर आला. तुम्ही नकाशा उघडायला लागलात तेवढ्यात अधिकाऱ्यानं फायलीतून ठरावाची प्रत काढली. प्रत पडताळायला म्हणून भाऊंनी माझ्याकडून नेलेलं रजिस्टरही तिथंच होतं, ते उघडून तुमच्यापुढं सरकवलं.

"अध्यक्ष तुम्हीच ना? ही सही आपलीच का?"

मी तुमच्या मागं दोन हातांवर उभा होतो. तुम्ही चष्मा काढलात, सदऱ्याला पुसलात, परत लावलात. वाकून बघितलंत. अंगठा त्या पसरलेल्या शाईवरून फिरवलात. एवढा वेळ लागला की मागचा माणूस खाकरला. मी खाली फरशीकडं बघत होतो. तुम्ही मागं वळून माझ्याकडं बघितलंत का, ते मला माहीत नाही. मी बघितलंच नाही.

"सही माझीच हाय," तुम्ही म्हणालात.

"मग हरकत कशाची?"

"संस्थेची ऱ्हाऊ द्या. माझी एकट्याची नोंदवा."

त्यांनी नोंदवली. नियम बदलला. लॉज झालं.

परत माझ्याच स्कूटरवर आलो. घराच्या फाटकापाशी उतरलात, गुंडाळी काखेत मारलीत, आणि म्हणालात, "सोपानराव, हात ओले असताना माणसानं सही करू न्हाई. शाई फुटते." आणि आत गेलात.

मी स्कूटर बंद करायची विसरलो. किती दिवस, किती वर्षं मी ते वाक्य उलटसुलट केलं. तुम्हाला कळलं होतं. कळलं असेल तर बोलला का नाहीत? ते पान पाण्याचं आहे म्हणाला असतात तर तिथंच माझ्यावर गुन्हा दाखल झाला असता, नोकरी गेली असती, घरात मणका सरकलेली बायको आणि सातवीतली पोर. हे तुम्ही त्या अंगठा फिरवण्याएवढ्या वेळात तोललं का? की मी माझ्या सोयीनं तुम्हाला एवढं मोठं करतोय, आणि तुम्ही फक्त दुखावलेले होतात? मला ठरवता येत नाही. दोन्ही बाजूंनी झोप लागत नाही.

लोकांचं ठरायला मात्र दोन दिवस लागले नाहीत. सरांनी आतून सही केली आणि वरून हरकतीचं नाटक केलं. भाऊंकडून काहीतरी घेतल्याशिवाय का? बाकीच्यांना आपण कोणत्या पानावर सही केली ते आठवत नव्हतं. सोसायटीच्या कागदावर सह्या करताना वर काय लिहिलंय हे वाचायची पद्धत आपल्याकडं नाहीच. त्यांना वाटलं, सरांनीच कधीतरी घरोघर रजिस्टर फिरवून घेतल्या असतील. चौकातल्या चहाच्या टपरीवर माझ्यासमोर एकजण म्हणाला, "ह्यांचं असंच असतंय बे. वर बसवलं की दाखवतात." टपरीवर पाच-सहाजण होतो. सगळे आपल्या कॉलनीतले, तुमच्या चिठ्ठ्यांच्या डब्यातून घर मिळालेले. कुणी काही बोललं नाही. मी चहा ढवळत होतो, साखर कधीच विरघळली होती.

ही शंका माझ्यावर कुणी घेतली नाही, सर. ठराव लिहिणारा मी, अक्षर माझं, रजिस्टर माझ्या घरी. तरी एकानंही माझ्याकडं बोट दाखवलं नाही. तुमच्यावर मात्र शंका घ्यायला कुणाला पुरावा लागला नाही. ते का, हे तुम्हाला माहीत होतं आणि मलाही. तुम्ही आयुष्यभर ज्या एका संशयाला चोख वागून दूर ठेवलं होतं, तो मी तुमच्या दारात आणून बसवला. तुमच्याच सहीनं.

तुम्ही अध्यक्षपद सोडलंत. पत्र माझ्याच हातात दिलंत. त्यात प्रकृतीचं कारण होतं.

भाऊंनी शब्द पाळला. पाइप टाकला, पहिला नळ आमच्या दारात. तुमच्या भिंतीपाशी लाईन थांबली, पुढं गेली नाही. हरकत घेणाऱ्याला कसली लाईन. मंगल काही जाणत नव्हती, ती भिंतीवरून पाइप टाकून तुमचं टिपाड भरायला लागली. मला वाटलं तुम्ही नाकाराल. मनातून वाटत होतं, नाकारावं. तुम्ही उभं राहून भरून घेतलंत आणि मंगलला म्हणालात, "पाण्यावर कसला राग, पोरी." पुढच्या उन्हाळ्यात खोल्या भरायला लागल्या आणि आमचा नळ करंगळीएवढा झाला. आपलं सोसायटीचं बोअर तर कायमचं गेलं. लॉजच्या एसीच्या नळीतून जे पाणी रस्त्यावर टपकायचं, त्याखाली कॉलनीतल्या बाया बादल्या लावायच्या. मंगलनंही लावली. वरातींचे डीजे, फाटकासमोर आडव्या लावलेल्या गाड्या, हे सगळं नंतर आलं आणि तुमच्या हरकतीत ते सगळं आधीच लिहिलेलं होतं. मी ती प्रत ठेवलेली आहे.

आणि तरीही तुम्ही आमच्या पोरीला नकाशे काढायला शिकवत राहिलात. ती आज जमीन मोजणीच्या कामात आहे, ती तुमच्यामुळं. तुम्ही गेल्याचं तिला फोनवर सांगितलं तर आधी तिनं काकूंची चौकशी केली. मग म्हणाली, "बाबा, सरांचं नाव लोकांनी उगाच खराब केलं ना?" मी हो म्हणालो. लोकांनी, म्हणालो.

वार्षिक सभेत पहिला विषय ठरलेला असतो, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मी वाचायचो. राजीनाम्यानंतरही तुम्ही दरवर्षी आलात, शेवटच्या रांगेत बसलात. वाचून झालं की हात वर करायचे. "त्याच्या आधीचं काही वाचायचं ऱ्हायलंय का, सेक्रेटरी?" पहिल्या वर्षी सगळे चमकले. नंतर लोकांना सवय झाली. सरांचं वय झालं, दरवर्षी तेच विचारतात, म्हणून हसायला लागले. एकदा नवा अध्यक्ष तुमच्या आधीच तुमचं वाक्य बोलला आणि सगळी शेड हसली. तुम्हीही हसलात. मी दरवर्षी एकच उत्तर दिलं: "नाही, सर." सभेत मी स्वतःच्या तोंडानं दुसरं काहीही इतक्या वेळा बोललेलो नाही.

दार उघडं धरून तुम्ही उभे होतात. मला ते पहिल्याच वर्षी कळलं होतं. मी आत आलो नाही.

दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा नाकात नळी होती. मला बघून काकूंना बाहेर चहाला पाठवलंत. मला वाटलं आता विचारतील. तुम्ही विचारलंत, "यंदा सभा कधी?"

"सप्टेंबरात, सर."

"मला उचलून न्या."

मी मान हलवली. तुमचा हात हातात घेतला. आता बोलायचंच असं ठरवलं. बाहेर काकूंच्या चपलेचा आवाज आला आणि मी हात सोडला. त्याचं मला बरं वाटलं, सर. सुटलो असं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

तुमची माफी मागण्यात आता काही राहिलेलं नाही. तुम्ही ती दरवर्षी आधीच देऊन ठेवत होतात आणि मी घेत नव्हतो. तुम्ही मला वाचवलंत असं मानून उपकार फेडायची भाषाही मला करायची नाही, कारण तसं असेल तर तुमचं नाव त्या उपकारात गेलंय आणि ते माझ्याच्यानं भरून येणारं नाही. चांगलं माणूस होतात एवढं तर मी त्या विद्यार्थ्यांना दोन ओळींत लिहून देऊ शकलो असतो. भूगोलाच्या मास्तरानं मला एक गोष्ट शिकवली, की घडलं तसं लिहा. ती शिकायला मला तुमचं मरण लागलं.

नोकरीचं काय व्हायचं ते होईल. तीन वर्षं राहिलीत. ठराव खोटा आहे असं नगरपालिकेला आणि सहकार खात्याला माझ्या सहीनं कळवायचं आहे, ते पत्र कच्चं लिहून तयार आहे, पक्कं केलेलं नाही. सप्टेंबरच्या सभेत उभं राहून ते पान वाचायचं आहे, त्या टपरीवर गप्प बसलेल्या सगळ्यांसमोर, आणि त्यांत मी पहिला होतो हेही सांगायचं आहे. मंगलला सांगायचं आहे, पोरीला फोन करून माझं 'लोकांनी' परत घ्यायचं आहे.

पण त्या सगळ्याच्या आधी एक आहे. मी हेच त्या विद्यार्थ्यांना देणार आहे. पुस्तिका छापून आली की काकू ती वाचतील. त्यांना अक्षरं बारीक दिसतात, म्हणून कुणाकडून तरी वाचून घेतील, आणि दुसऱ्याच्या तोंडून त्यांना हे कळेल. तसं होता कामा नये. सकाळपासून दोनदा तुमच्या फाटकापर्यंत जाऊन आलोय. आत दिवा आहे, त्या घरातच आहेत.

काकूंना मी अजून सांगितलेलं नाही.